मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्यामागची गोष्ट

जीपीएसचा विषय निघाला की बरेच जण म्हणतात, उपग्रह वरून आपल्याला बघतो आणि आपण कुठे आहोत ते फोनला कळवतो. तसं नाहीये. उपग्रहाला आपल्या फोनचा पत्तासुद्धा नसतो, तो फक्त किती वाजले आणि तो स्वतः कुठे आहे एवढंच सतत सांगत फिरतो, ऐकायचं आणि हिशोब करायचं काम फोनचं. आणि या सगळ्याची सुरुवातही ऐकण्यातूनच झाली.

4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत युनियनने स्पुटनिक सोडला. जेमतेम 58 सेंटिमीटरचा गोळा, वजन 83 किलोच्या आसपास, काम एकच, बीप बीप करत पृथ्वीभोवती फिरायचं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबमध्ये विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख असे दोन तरुण शास्त्रज्ञ होते, त्यांनी निव्वळ उत्सुकतेपोटी रिसीव्हरला एक वायर जोडून तो बीप पकडला आणि टेपवर रेकॉर्ड करायला लागले. उपग्रह जवळ येताना फ्रिक्वेन्सी जराशी चढते, लांब जाताना उतरते. हॉर्न वाजवत गाडी समोरून निघून गेली की आवाज कसा एकदम जाडा होतो, अगदी तसंच, डॉप्लर इफेक्ट म्हणतात तो हाच. तर त्या चढउतारावरून या दोघांनी स्पुटनिकची अख्खी कक्षा काढून दाखवली. कोणी सोपवलेलं काम नव्हतं हे, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

जानेवारी 1958 मध्ये स्पुटनिक वातावरणात शिरून जळून गेला, पण मार्चमध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी त्यांना बोलावून विचारलं की समजा उपग्रहाची कक्षा आधीच माहीत असेल तर उलट करून ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? त्यांच्या डोक्यात नौदलाच्या पोलारिस पाणबुड्या होत्या, क्षेपणास्त्र सोडायचं तर भर समुद्रात स्वतःची जागा नेमकी माहीत पाहिजे ना. यातून ट्रान्झिट ही सिस्टीम आली, 1960 ला पहिला चालणारा उपग्रह आणि 1964 पासून नौदलाच्या वापरात. पण एकदा जागा मिळाली की पुढचा उपग्रह येईपर्यंत कधी कधी तासाच्या वर थांबायचं. जहाजाला चालून जायचं, विमानाला कसं चालणार?

मग घड्याळं आली, आणि खरी मजा इथेच आहे. सिग्नल सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे निघाला कधी आणि पोचला कधी हे कळलं की अंतर कळलं. पण घड्याळ मायक्रोसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं तरी अंतर 300 मीटरने चुकतं! नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉजर ईस्टन यांनी 1967 पासून उपग्रहात घड्याळं बसवून हे करून बघितलं, आणि 1973 मध्ये ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या टीमने नौदल आणि हवाई दलाच्या वेगवेगळ्या कल्पना एकत्र करून आजच्या जीपीएसचा आराखडा ठरवला.

यातही एक अडचण होती. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे त्या उंचीवर घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जायला हवं, आणि ते दुरुस्त केलं नाही तर रोज 11 किलोमीटरची चूक साठत जाणार. म्हणून 1977 मध्ये एनटीएस-2 हा उपग्रह अणुघड्याळ घेऊन गेला तेव्हा ही दुरुस्ती त्यात बसवलेली होती, पण मुद्दाम सुमारे 20 दिवस बंद ठेवली. घड्याळ सिद्धांत सांगतो जवळपास तेवढंच पुढे पळालं. मग दुरुस्ती चालू केली.

1978 ला जीपीएसचा पहिला उपग्रह वर गेला, पण सगळं सैन्यासाठी. 1 सप्टेंबर 1983 ला कोरियन एअर लाइन्सचं 007 हे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, 269 माणसं गेली. वाट चुकल्यामुळे. त्यानंतर अमेरिकेच्या रेगन सरकारने जाहीर केलं की जीपीएस तयार झालं की सामान्य लोकांसाठीही खुलं असेल. खुलं झालं, पण साधा सिग्नल मुद्दाम बिघडवून, म्हणजे 100 मीटरपर्यंत इकडेतिकडे. एवढ्यात रस्ता कुठला आणि गल्ली कुठली, काय कळणार? मे 2000 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी हे बिघडवणं बंद केलं आणि गाडीतलं नेव्हिगेशन खऱ्या अर्थाने तेव्हापासून कामाचं झालं.

आता रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू, भारताचे नाविक असे बाकीच्यांचेही उपग्रह आहेत, बरेच फोन एकाच वेळी अनेकांचं ऐकतात. आणि नकाशा सोडाच, मोबाइल टॉवर, वीजजाळी, बँकांचे व्यवहार यांच्या वेळा जुळवायलाही हीच वरची घड्याळं वापरतात.

स्वतः करून बघायचं असेल तर नकाशा आधीच डाउनलोड करा, लोकेशन चालू ठेवून फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि उघड्यावर चालायला लागा. उपग्रह कुठे आहेत ही माहिती एरवी फोन नेटवरून घेतो, आता ती आकाशातूनच घ्यावी लागत असल्यामुळे कदाचित जरा वेळ लागेल, पण ठिपका तुमच्याबरोबर सरकतो. जागा काढण्यासाठी फोनमधून बाहेर काहीही जात नसतं तेव्हा, तो नुसता ऐकत असतो.