मालाच्या खोक्यात ठिपक्यांचा कागद का असतो?

नमस्कार मंडळी, आमच्याकडून बुश किंवा पिन असे सुटे भाग घेता तेव्हा चलनासोबत एक कागद येतो, मधे एक रेघ, वर-खाली दोन तुटक रेघा आणि ठिपकेच ठिपके. बरेच जण तो रद्दीत टाकतात, म्हणून जरा सांगतो.

याला कंट्रोल चार्ट म्हणतात. 1924 मधे अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी तो पहिल्यांदा काढला, टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमधे. एकाच मशीनवरचे दोन पीस कधीच डिट्टो सेम येत नाहीत, पण रोजचा फरक कुठला आणि मशीन बिघडतंय म्हणून पडलेला कुठला, हे त्यावरून कळतं. पण टेलिफोनवाल्यांच्या बाहेर तेव्हा फार थोड्यांनी ते मनावर घेतलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. तोफगोळे आणि ते फोडणारे फ्यूज लाखोंनी हवे, कारखान्यात नवशिके कामगार, त्यात कितीतरी बायका ज्या पहिल्यांदाच मशीनवर उभ्या राहिल्या, आणि एकेक नग तपासायला माणसं आणायची कुठून? शिवाय फ्यूज चालतो का हे बघायला तो उडवावाच लागतो, म्हणजे तपासलेला नग संपलाच की! म्हणून लॉटमधून ठराविक नग काढून तपासायचे तक्ते अमेरिकी लष्कराने घेतले, 1941-42 मधे कंट्रोल चार्टचे युद्धकालीन स्टँडर्ड निघाले, आणि 1942 च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग वगैरे मंडळींनी कारखान्यांतल्या लोकांना हे शिकवलं, पुढे तसेच कोर्स देशभर झाले. युद्धानंतर तिथल्या बऱ्याच मालकांना याचा विसर पडला, जपान्यांनी मात्र 1950 मधे डेमिंगना बोलावून मन लावून ऐकलं. श्यूहार्ट स्वतः 1947-48 मधे आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेले, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडे दर तासाला सलग 5 पीस मायक्रोमीटरने मोजतात आणि त्यांच्या सरासरीचा एक ठिपका पडतो. लक्षात घ्या, तुटक रेघा म्हणजे तुमच्या ड्रॉइंगचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्तपणा, नव्हे, त्या आमच्या मशीनच्याच आकड्यांवरून काढलेल्या असतात. मागे एका बुशचे ओळीने सात ठिपके वर चढत गेले, सगळे पीस टॉलरन्समधेच होते, तरी आमच्या सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, ते थांबवलं, बघतो तर इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, धार गेलेली! अजून तासभर चाललं असतं तर रिजेक्शन तुमच्या दारात आलं असतं.

तेव्हा पुढचं खोकं उघडलं की आधी शेवटचे सात-आठ ठिपके बघा, एकाच दिशेला सरकत असतील तर माल ओके असला तरी आम्हाला फोन करा, त्या दिवशीचं रजिस्टर काढून दाखवतो.