टॅलिलिन रेल्वे

टॅलिलिन रेल्वे : वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या गावापासून आत डोंगराकडे जाणारा, वाफेच्या इंजिनांवर चालणारा नॅरोगेज लोहमार्ग. लांबी सुमारे ११.७ किमी.; रुळांमधील अंतर २ फूट ३ इंच (६८६ मिमी.). स्वयंसेवकांनी हाती घेऊन वाचवलेला हा जगातील पहिला लोहमार्ग होय.

मार्ग बांधला तो पाटीच्या दगडासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या मॅककॉनेल या गिरणीमालक घराण्याने आपला पैसा ब्रिन एग्लुइसच्या खाणीत घातला. छपरांवर घालायच्या पाट्या खाणीतून खाली आणण्यासाठी १८६५ मध्ये संसदेकडून रेल्वेचा कायदा करून घेण्यात आला. वाफेच्या इंजिनाने प्रवासी नेण्याची मुभा कायद्यानेच मिळालेली ब्रिटनमधील ही पहिली नॅरोगेज रेल्वे.

प्रवासी गाडी सुरू होण्याआधी, १८६६ मध्ये, सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले आणि एक गफलत उघडी पडली. पुलांच्या कमानी इतक्या अरुंद होत्या की डबा आणि भिंत यांच्यामध्ये नियमाप्रमाणे जागाच उरत नव्हती. कमानीखाली गाडी थांबली, तर दार उघडून माणसाला बाहेर पडता आले नसते. पूल पाडून पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते. मग डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करण्यात आली आणि पुलांखालचे रूळ मध्यावरून थोडे बाजूला सरकवण्यात आले. दारे एकाच बाजूला असण्याची ही रीत आजही चालू आहे.

‘टॅलिलिन’ (१८६४) आणि ‘डोलगॉख’ (१८६६) ही दोनच इंजिने पुढची ऐंशीहून अधिक वर्षे सारा भार ओढत राहिली. १९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतली. ते मेरिऑनेथचे खासदार. आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल, हा शब्द त्यांनी पाळला. दुरुस्तीला मात्र पैसा नव्हता. १९४६ च्या डिसेंबरात खाणीत दरड कोसळली आणि खाण बंद पडली. १९४७ च्या कायद्याने ब्रिटनच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, त्या यादीत टॅलिलिनचे नावच नव्हते. ही उपेक्षाच तिच्या पथ्यावर पडली, असे म्हटले पाहिजे. शेजारची कॉरिस रेल्वे सरकारकडे गेली आणि १९४८ मध्येच बंद झाली.

सर हेडन १९५० च्या जुलैमध्ये वारले. त्या वेळी रूळ गवतात बुडालेले होते, स्लीपर कुजले होते आणि धड चालणारे इंजिन एकच, ‘डोलगॉख’. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममध्ये लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने सभा भरली आणि तिच्यातून जतन संस्था उभी राहिली. १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी सुटली.

इंजिनांचा प्रश्न कॉरिसने सोडवला. तिचाही गेज २ फूट ३ इंचच, आणि तिची दोन इंजिने विक्रीला पडून होती. ती प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली. त्यांचे मूळचे क्रमांक ३ आणि ४. टॅलिलिनकडे १ आणि २ आधीपासून असल्यामुळे आकडेही बदलावे लागले नाहीत. क्रमांक ३ ने मात्र सुरुवातीला छळले. तिच्या चाकांच्या धावा अरुंद आणि इथल्या रुळांतले अंतर ठरल्यापेक्षा थोडे जास्त, त्यामुळे ती वरचेवर रुळांवरून घसरे.

पूर्वी प्रवाशांची गाडी ॲबरगनॉल्विनपर्यंतच जाई. त्यापुढे फक्त दगडाच्या वाघिणी. त्या तुकड्यावर १९७६ मध्ये नांट ग्वेर्नॉलपर्यंत प्रवासी वाहतूक सुरू झाली. २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या पाटीदगड-प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खाणीसह हा लोहमार्गही आहे. नांट ग्वेर्नॉल स्थानकाला अजूनही गाडीरस्ता नाही. तिथे रेल्वेने जावे, नाहीतर रानातल्या पायवाटेने.