ट्यूब अँपचा गोडवा येतो कुठून?

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब वापरणाऱ्या अँपबद्दल बोलताना लोक गोड, भरीव, मोकळा असे शब्द वापरतात आणि मग वाद सुरू होतो, पण हे शब्द हवेतले नाहीत, त्यामागच्या गोष्टी चक्क मोजता येतात.

दोन टोकाचे अँप घेऊ. एक सिंगल एंडेड ३००बी, म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ ची ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडची साधी ट्यूब), एका चॅनेलला एकच ट्यूब आणि पॉवर जेमतेम ८ वॅट. दुसरा मॅकिंटॉशचा एमसी२७५, १९६१ चा, चॅनेलला केटी८८ नावाच्या दोन ट्यूब पुश-पुलमध्ये, म्हणजे जोडीने उलटसुलट, ७५ वॅट. (आकडा नऊपट दिसतो, पण कानाला आवाज साधारण दुप्पटच मोठा वाटतो.)

आता तानपुरा आठवा. गंधाराची तार नसते तरी गंधार ऐकू येतो, कारण सा मध्येच वरचे स्वर दडलेले असतात: दुप्पट फ्रिक्वेन्सीला वरचा सा, तिप्पटीला त्यावरचा पंचम, पाचपटीला गंधार. सातपटीचा मात्र सप्तकात नीट बसतच नाही. अशा पटीतल्या स्वरांना हार्मोनिक म्हणतात. अँपने सिग्नल जरा वाकवला की तोही असेच स्वर पदरचे घालतो. ३००बी मुख्यतः दुसरा घालते, म्हणजे सा मध्ये अजून थोडा वरचा सा, तो खटकत तर नाहीच उलट आवाज भरल्यासारखा होतो. पुश-पुलमध्ये दोन ट्यूब उलटसुलट चालतात म्हणून दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक बरेचसे कटतात, उरलेल्याला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आऊटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला देणं, दाबतो. म्हणून एमसी२७५ जास्त स्वच्छ. आणि हो, एकट्या गळ्याला गोड वाटणारी ३००बी मोठ्या ऑर्केस्ट्रात गढूळ होते, कारण तिथे स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन भलतेच सूर तयार होतात.

पण माझ्या मते जास्त फरक पाडतो तो आऊटपुट इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरला करंट देताना अँपचा स्वतःचा अडथळा, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. ८ ओहमचा स्पीकर सगळ्या फ्रिक्वेन्सींना ८ ओहम नसतो, कुठल्या फ्रिक्वेन्सीला ४ तर कुठल्या २० होतो. अँपचा स्वतःचा इम्पीडन्स ३ ओहम असेल, जो फीडबॅक नसलेल्या ३००बी ला सहज असतो, तर २० ओहमच्या जागी आवाज ४ ओहमपेक्षा साधारण साडेतीन डेसिबल वर जातो! म्हणजे तुमच्या नकळत कुणीतरी इक्वलायझर फिरवून ठेवलाय, आणि स्पीकर बदलला की तो वेगळाच फिरतो. ट्रान्झिस्टर अँपला हा इम्पीडन्स बहुतेक वेळा ०.१ ओहमच्याही खाली, त्यामुळे तिथे हा खेळ जवळपास नाहीच.

१९८५ मध्ये अमेरिकन अँप डिझायनर बॉब कार्व्हर यांनी नेमकं हेच हाताशी धरलं, आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अँपमध्ये बदल करत करत त्याचा आऊटपुट एका महागड्या ट्यूब अँपशी जुळवत नेला, आणि स्टिरिओफाइल या ऑडिओ मासिकाच्या संपादकांना शेवटी दोघांत फरक सांगता आला नाही. म्हणूनच कुणी दोन अँपची तुलना करून आवाज सांगायला लागलं की मी आधी विचारतो, स्पीकर कुठला लावला होता?