देवाची आज्ञा पाळणं आणि चांगलं वागणं, दोन्ही एकच आहे का?

धर्मामुळे माणूस चांगला वागतो की धर्मामुळेच एकमेकांच्या जिवावर उठतो, हा वाद सुरू झाला की उदाहरणं कुणालाच कमी पडत नाहीत. एकजण अनाथाश्रम आणि दवाखाने दाखवतो, दुसरा धर्मयुद्धं आणि चेटकीण ठरवून जाळलेल्या बायका, आणि दोघंही खरंच सांगत असतात. मला वाटतं हा वाद अडतो कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकच धरून चालतो. एक म्हणजे देवाची आज्ञा पाळणं, आणि दुसरी म्हणजे समोरच्या माणसाशी नीट वागणं. धर्मात दोन्ही एकत्रच शिकवल्या जातात. बायबलमधल्या दहा आज्ञाच बघा ना, खून करू नको, चोरी करू नको हे ज्या यादीत आहे त्याच यादीत शब्बाथ पाळ, म्हणजे आठवड्यातला एक दिवस काम न करता देवासाठी ठेव, हेही आहे, आणि सगळं एकाच आवाजात सांगितलेलं आहे, मग लहानपणापासून ऐकणाऱ्याला दोन्हीचं वजन सारखंच वाटणार.

तरी फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: देवाने हा नियम केलाच नसता तर ही गोष्ट चालली असती का?

हा प्रश्न लॅरी नुची आणि एलियट ट्युरिएल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी खरंच मुलांना विचारला होता, आणि मुलंही कट्टर धार्मिक घरातली, अॅमिश-मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातली आणि ऑर्थोडॉक्स म्हणजे सनातनी ज्यू. हा अभ्यास १९९३ साली छापून आला. देवाने रविवारी काम करू नका असं सांगितलंच नसतं तर काम करणं चाललं असतं का, असं विचारल्यावर अॅमिश मुलं म्हणाली हो, मग चाललं असतं. पण देवाने नियम केला नसता तर दुसऱ्याला मारणं चाललं असतं का? तर बहुतेकांचं उत्तर नाही, कारण त्याला लागतं, त्याला त्रास होतो. म्हणजे ज्या मुलांचं सगळं आयुष्य धर्माच्या चौकटीत चाललंय त्यांनासुद्धा हे आतून माहीत आहे की काही गोष्टी नियम आहे म्हणून चूक असतात आणि काही गोष्टी कुणालातरी इजा होते म्हणून चूक असतात. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो धर्माच्या विरोधकांनी बाहेरून लादलेला नाही, श्रद्धाळू घरातल्या मुलांच्याच तोंडून आलाय.

सॉक्रेटिसने साधारण २४०० वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न याच्याच जवळचा आहे, देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवांना आवडते? कुणी म्हणालं की आज्ञा आहे म्हणूनच चांगली, तर त्याला विचारा की उद्या लहान मुलांना छळायची आज्ञा आली तर काय करशील. जवळजवळ प्रत्येक श्रद्धाळू माणूस म्हणेल की माझा देव असं सांगणारच नाही. अगदी बरोबर, पण मग देव काय सांगेल आणि काय नाही हे ठरवायला त्याच्याकडे चांगल्या-वाईटाचं माप आधीच आहे, नाही का?

आता हे दोन्ही प्रत्यक्षात कसे वेगळे होतात ते गुलामगिरीच्या इतिहासात सगळ्यात स्पष्ट दिसतं. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहून आपल्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) सभेपुढे ठेवला, त्याचा आधार काय, तर दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण सगळ्यांशी वागावं ही शिकवण. सभेने तो बाजूला ठेवला, कारण बऱ्याच क्वेकर लोकांकडेच गुलाम होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम ठेवायला बंदी केली ती १७७६ मध्ये, म्हणजे ८८ वर्षं गेली! पण एकदा ठरवल्यावर हेच लोक पुढे होते, १७८७ मध्ये लंडनला गुलामांचा व्यापार बंद करायला जी समिती निघाली तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर होते आणि १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार कायद्याने बंद केला. आणि याच बायबलमधलं गुलामांनी मालकाची आज्ञा पाळावी हे वचन घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले पाद्री गुलामगिरी देवाला मान्य आहे असं शिकवत होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही यावरून फूट पडून १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही तिथल्या बॅप्टिस्ट ख्रिस्ती चर्चची संघटना वेगळी झाली, आणि त्यांनी माफीचा ठराव केला तो १९९५ मध्ये.

ग्रंथ एकच होता, श्रद्धा दोघांचीही खरी होती. एकाने गुलामाचं दुःख आधी बघितलं आणि वचन त्यातून वाचलं, दुसऱ्याने वचन आधी धरलं आणि दुःख दिसेनासं झालं. यातलं भयंकर काय आहे, तर दुसऱ्याला अपराधी वाटतच नाही. साधा चोर निदान लपून चोरी करतो, पण आज्ञा पाळतोय असं मनापासून वाटणारा माणूस इजा करतो आणि वर आपण पुण्य केलं म्हणून शांत झोपतो.

मग धर्माकडून नैतिकतेला मिळतं तरी काय? माझ्या मते खूप मिळतं, फक्त बरोबर काय ते समजणं हे त्यातलं मुख्य नाही. दर आठवड्याला एकत्र येणारी माणसं, पैसा गोळा करायची सवय, धोका पत्करायची हिंमत, वर्षानुवर्षं हरत असतानाही न सोडण्याची चिकाटी, हे क्वेकरांकडे धर्मामुळेच होतं आणि एकेकट्या भल्या माणसाकडे ते सहसा नसतं.

नुसती शिकवण मात्र पुरत नाही. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग बघा, प्रिन्स्टनमध्ये पाद्री व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. काहींच्या भाषणाचा विषयच चांगल्या शोमरोन्याची गोष्ट होता, म्हणजे रस्त्यात पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांमधले फक्त १० टक्के, आणि भाषणाचा विषय काय होता याने म्हणावा असा फरक पडला नाही.

आणि धर्म गेला की इजाही जाईल असं मानणाऱ्यांनी सोव्हिएत रशियाकडे बघावं. तिथे सरकारच देव न मानणारं होतं, तरी १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सुमारे ७ लाख लोकांना गोळ्या घातल्या. आज्ञा पक्षाची होती, पण ती पाळणाऱ्याने समोरच्याचं दुःख बघायचं तसंच बंद केलं होतं, आणि आपण योग्य तेच करतोय ही खात्रीही तशीच होती. म्हणून कुणी धार्मिक आहे की नास्तिक यावरून मी त्याच्याबद्दल काही ठरवत नाही, त्याला वरून आलेली आज्ञा आणि समोरच्याचं दुखणं यात ओढाताण झाली तर तो काय सोडतो तेवढं बघते.