पदकावरचं वर्ष आणि पदकाचं वय

पदकावर १५७२ लिहिलंय म्हणजे ते १५७२ मध्येच बनलं असं धरून चालणारे लोक बरेच भेटतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण नाण्यांची सवय असते आपल्याला. नाणं खर्चायला काढलेलं, त्यामुळे त्यावरच्या सालाशी त्याचा काहीतरी हिशोब असतो. स्मृतिपदक खर्चायचं नसतंच, ते आठवणीसाठी केलेलं, मग घटनेनंतर दोन महिन्यांनी करा नाहीतर दोनशे वर्षांनी करा, आणि युरोपात हे दोन्ही झालेलं आहे, इतकंच काय घटना घडायच्या आधीसुद्धा पदकं झालेली आहेत. मला स्वतःला पदकं जमवण्याच्या या छंदातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

सुरुवातच बघा. १४०२ च्या सुमारास फ्रान्सचा ड्यूक ऑफ बेरी, राजघराण्यातला आणि जबरदस्त संग्राहक, त्याने पॅरिसमधल्या एका इटालियन व्यापाऱ्याकडून सोन्याचं मोठं पदक घेतलं, त्यावर घोड्यावर बसलेला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. जोडीला सम्राट हेराक्लियसचंही एक होतं. लोकांनी ही पदकं खरोखरच प्राचीन मानली आणि पुढे कित्येक पिढ्या मोठमोठे विद्वानही तसंच मानत राहिले. प्रत्यक्षात दोन्ही ड्यूकच्याच काळातली. ड्यूकची सोन्याची मूळ पदकं आज नाहीत, चांदीत आणि ब्राँझमध्ये ओतलेल्या प्रती तेवढ्या उरल्यात. पण ते घोडेस्वाराचं चित्र इतकं आवडलेलं की ड्यूकसाठी प्रार्थनापुस्तक रंगवणाऱ्या लिंबूर्ग भावांनी ते उचलून येशूच्या भेटीला निघालेल्या एका राजाच्या अंगावर चढवलं. म्हणजे संग्रहाची हौस आधी आली, आणि हौसेला पुरं पडेल असं 'जुनं' तयार करणारे हात लगेच मागून आले.

ज्याला आपण खऱ्या अर्थाने स्मृतिपदक म्हणतो ते १४३८-३९ मध्ये आलं. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जॉन आठवा पॅलिओलोगस तुर्कांविरुद्ध मदत मागायला आणि पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं अशा दोन चर्चची एकी करायला इटलीत फेरारा-फ्लोरेन्सच्या परिषदेला आला होता, आणि पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने त्याचं ब्राँझचं पदक केलं, साधारण तळहाताएवढं. एका बाजूला उंच टोकदार टोपी घातलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला तोच घोड्यावर, रस्त्याकडेच्या क्रूसापुढे थांबून प्रार्थना करतोय. त्यावर पिसानेल्लोने स्वतःला चित्रकार म्हणवून सही केली, लॅटिनमध्येही आणि ग्रीकमध्येही. हे पदक छापलेलं, म्हणजे धातूवर ठसे दाबून उठवलेलं, नव्हतं, साच्यात ओतलेलं, ओतीव होतं, आणि इथेच संग्राहकाच्या कामाची गोष्ट येते. ओतीव पदकाचा साचा काढून दुसरं ओतता येतं, पण धातू थंड होताना थोडासा आकसतो, त्यामुळे प्रतीवरून काढलेली प्रत मूळापेक्षा किंचित लहान भरते आणि बारीक रेषा मऊ पडतात. म्हणून रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, पदकांचे अभ्यासक आधी व्यास मोजतात, आणि मिलीमीटरच्या फरकावर वाद घालतात, ते उगाच नाही.

इटलीतल्या राजेमंडळींना हा प्रकार फारच पटला. स्वतःचा चेहरा, मागे स्वतःचं ब्रीद, आणि दहा-वीस प्रती करून मित्रांना, दरबाऱ्यांना, परराज्यातल्या लोकांना पाठवायच्या. इमारतींच्या पायातसुद्धा पुरायचे. पण घटना पदकावर आली की काय ताकद येते ते बघायचं तर १४७८ चं, पाझ्झी घराण्याच्या कटाचं पदक बघावं. फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये चालू प्रार्थनेत शहरावर सत्ता असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोन भावांवर हल्ला झाला, जुलियानो मेला, लोरेन्झो वाचला. शिल्पकार बेर्तोल्दोने केलेल्या पदकाच्या एका बाजूला लोरेन्झो, दुसऱ्या बाजूला जुलियानो, आणि दोन्हीकडे चेहऱ्याखाली हल्ल्याचा प्रसंग, इवल्या इवल्या आकृत्यांत. वाचलेल्याच्या बाजूला 'लोकांचं कल्याण', गेलेल्याच्या बाजूला 'लोकांचा शोक'. एका घराण्यावरचा हल्ला अख्ख्या शहरावरचा ठरवून टाकला, दोन-दोन शब्दांत.

आणि १५७२ चं जे सुरुवातीला म्हटलं ते पोप तेराव्या ग्रेगरीचं पदक. पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, आणि रोममध्ये त्याच्या आनंदात पदक निघालं, क्रूस आणि तलवार घेतलेली देवदूत पडलेल्या माणसांवर चालून जातेय. माझ्या मते हे हातात घेताना अंगावर काटा यावा असं पदक आहे. हे ओतलेलं नाही, पोलादी ठशांनी छापलेलं, आणि ठसे टिकतात. रोमच्या टाकसाळीने जुन्या ठशांवरून पोपांची पदकं नंतरच्या काळातही छापून विकली, तेव्हा '१५७२' लिहिलेला एखादा तुकतुकीत नग एकोणिसाव्या शतकातला निघाला तर आश्चर्य नको.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर हे खातंच काढलं. १६६३ मध्ये त्याचा मंत्री कोल्बेरने विद्वानांची एक छोटी अकादमी बसवली, पदकांवरचा मजकूर आणि चित्रं ठरवणं हे तिचं मुख्य काम, नाटककार रासीन आणि कवी ब्वालोसुद्धा त्यात. १७०२ मध्ये राजाच्या कारकिर्दीचा इतिहास पदकांतून सांगणारा भव्य ग्रंथ निघाला, २८६ पदकं, सगळी एका मापाची, ४१ मिलीमीटर, आणि छपाईसाठी खास नवा टाइप. लुई १६४३ मध्ये गादीवर बसला तेव्हा चार वर्षांचा होता, त्या वर्षांच्या घटनांची या मालिकेतली पदकं बनली मात्र तो म्हातारा होत आला तेव्हा. सगळं मागे वळून, ठरवून, नीट रचलेलं. पराभव त्यात शोधू नका.

नेपोलियनने याच्या पुढची पायरी गाठली. १८०४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बूलोनला फौज जमवून तो इंग्लंडवर उतरायच्या तयारीत होता, तेव्हा त्या विजयाचं पदक आधीच तयार झालं, त्यावर 'लंडनमध्ये छापलं, १८०४' असं कोरलेलं. लंडनला तो कधी पोचलाच नाही.

पॅरिसच्या टाकसाळीत जुने ठसे सांभाळून ठेवलेले आणि त्यांवरून नंतरही पदकं छापलेली असल्याने लुईची आणि नेपोलियनची पदकं आजही सर्रास सापडतात, पण तिने संग्राहकांवर एक उपकार केलाय. १८३२ पासून पदकाच्या कडेवर बारीक खूण ठोकायला सुरुवात केली: १८४१ पर्यंत दिवा, मग वर्षभर नांगर, मग १८४५ पर्यंत जहाजाचं पुढचं टोक, मग बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी, आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग, शेजारी धातूचं नाव. नेपोलियनने जिंकलेल्या ऑस्टरलिट्झच्या लढाईचं पदक, वर्ष १८०५, आणि कडेवर मधमाशी, तर ते १८६० नंतरचं. म्हणून विकणाऱ्याने दोन्ही बाजूंचे फोटो दिले तरी कडेचा फोटो मागायचाच, लाजायचं नाही.

आपल्याकडचे धागे दोन. १६७० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचं एक पदक निघालं, जॉन रोटियेने कोरलेलं, एका बाजूला राजा आणि त्याची पोर्तुगीज राणी कॅथरीन, दुसऱ्या बाजूला पृथ्वीचा गोल, आणि ब्रिटन जगभर पसरल्याची घोषणा. याच कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांकडे आली, आणि पदकाच्या दोनच वर्षं आधी, १६६८ मध्ये, राजाने ती कंपनीला देऊन टाकली होती. दुसरं श्रीरंगपट्टणचं. ४ मे १७९९ ला टिपू पडला, त्या मोहिमेत मुंबई इलाख्याची फौजही होती. कंपनीने बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या वाफेवर चालणाऱ्या सोहो टाकसाळीत पदकं करून घेतली, ठसे क्यूखलरने कोरलेले, ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला आडवा पाडतोय. वरच्या अधिकाऱ्यांना सोनं, मग हुद्द्याप्रमाणे मुलामा दिलेली चांदी, चांदी, ब्राँझ, आणि शिपायांना कथील. तारीख १७९९, वाटप व्हायला १८०८ उजाडलं. बर्मिंगहॅमचं पदक ४८ मिलीमीटरचं, कोलकात्याच्या टाकसाळीत केलेलं ४५ च्या आसपास, म्हणजे इथेही मोजपट्टी लागतेच.

तारखेने सगळ्यात मोठा घोळ केला तो मात्र विसाव्या शतकात. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही इंग्रजी प्रवासी बोट बुडवली, सुमारे १,२०० माणसं गेली. म्युनिकच्या कार्ल गोएट्झने आपल्या खर्चाने जहाजकंपनीवर टीका करणारं पदक केलं, एका बाजूला शस्त्रांनी भरलेलं जहाज बुडतंय, दुसरीकडे तिकीट खिडकीत सापळा बसून तिकिटं विकतोय. त्याने तारीख घातली ५ मे. इंग्रजांनी तेच धरलं, बघा, दोन दिवस आधीच ठरलेलं होतं, आणि लंडनमध्ये नक्कल करून खोक्यात पत्रक घालून लाखांनी विकली, पैसे युद्धातल्या जखमींसाठी. गोएट्झने नंतर ७ तारखेची आवृत्ती काढली, पण तोवर ५ तारीख जगभर पोचली होती. मूळ नग काही शेकडाच, त्यामुळे आज बाजारात दिसणारं जवळजवळ प्रत्येक लुसिटानिया पदक इंग्रजी नक्कल असतं. ओळखायचं सोपं आहे: मूळात महिन्याच्या नावाचं शेवटचं अक्षर आय, जर्मन पद्धतीने, आणि नकलेत वाय. खोकं आणि पत्रक शाबूत असेल तर ती नक्कलही ठेवण्यासारखीच, कारण खोट्या आरोपाचा तो खरा, त्याच काळातला पुरावा आहे.