'हायपो' : टक्क्यांचा वाद आणि सिरिंजचा प्रश्न

रूट कॅनाल धुण्यासाठी वापरलं जाणारं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे दवाखान्याच्या बोलीतलं 'हायपो', मुळात दातांसाठी नव्हतं. १९१५मध्ये, पहिल्या महायुद्धात, जखमा धुवायला ते ०.५ टक्के तीव्रतेचं आणि क्षारता उतरवून वापरलं गेलं. १९३६पर्यंत दातांच्या मुळांसाठी त्याची शिफारस जवळपास दहापट तीव्रतेने होऊ लागली. हे द्रव मुळाच्या टोकाबाहेर गेल्याने झालेल्या इजेची सुरुवातीची एक नोंद १९७४ची आहे.

तेव्हापासून वाद रंगला तो टक्क्यांवर. १९८०च्या दशकात रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ०.५ आणि ५ टक्के यांत जंतू मारण्यापुरता ठळक फरक दिसला नाही. पण दाताच्या आतला मेलेला लगदा विरघळवायला तीव्र द्रावण सरस, म्हणून अनेकांनी ते सोडलं नाही. त्यात 'टक्के' हा शब्दच निसरडा. बाटलीवर पाच लिहिलेलं असतं, पण उघडी बाटली उन्हाळ्यात खिडकीपाशी राहिली की आतला क्लोरीन घटत जातो. मग कोणाचे पाच टक्के खरे?

माझ्या मते या भांडणात दाब मागे पडला. सिरिंजची सुई दाताच्या मुळात घट्ट अडकली आणि दट्ट्या जोरात दाबला की सौम्य द्रावणही बाहेर घुसतं. वरच्या सुळ्याभोवतीचं हाड गालाकडून पातळ असतं. क्षणात आग होते, काही मिनिटांत गाल सुजतो, पुढचे कित्येक दिवस डोळ्याखाली काळंनिळं राहतं. टोक बंद आणि बाजूला छिद्र असलेल्या सुया त्यासाठीच आल्या. १८६४पासूनचा रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, तोंड आणि घसा वाचवतो, टोकाबाहेर जाणारं द्रव मात्र अडवत नाही.

दुसरी चूक, म्हणजे भुलेऐवजी हायपोच टोचलं जाणं, आपल्याकडे सहज घडू शकते. भुलेचं औषध ३० मिलीच्या बाटलीतून दोन मिलीच्या प्लास्टिक सिरिंजमध्ये ओढायचं, हायपोही तशाच सिरिंजमध्ये. ट्रेमध्ये दोन्ही शेजारी, दोन्ही पाण्यासारखी. हायपोची पिवळसर झाक एवढ्याशा नळीत दिसत नाही आणि मास्कमागे वासही कळत नाही. भुलेचं औषध आधीच भरून येणाऱ्या सीलबंद काचेच्या कार्ट्रिजमध्ये हायपो भरताच येत नाही. तो खर्च टाळणाऱ्या दवाखान्यांत आता हायपोला पाच मिलीची सिरिंज, तिच्यावर लाल पट्टी आणि ती भुलेच्या ट्रेमध्ये न ठेवण्याची शिस्त, एवढा तरी बदल दिसतो.