शेवटच्या दिवसांतली औषधे

‘आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी घेऊन जा,’ असे वॉर्डाबाहेर ऐकावे लागलेली कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ सापडतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे विधान अपुरे आहे, कारण रोग हटवण्याचे उपाय संपले तरी वेदना, धाप आणि घशातली घरघर यांवरचे उपाय शिल्लक असतात. पॅलिएटिव्ह केअर ही वैद्यकाची शाखा नेमके तेच काम करते. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू करून तिला आधुनिक रूप दिले, तर भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले.

सर्वांत जास्त धास्ती असते ती मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून मिळणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची. मॉर्फिन लिहून दिले म्हणजे शेवट आला, अशी नातेवाइकांची समजूत असते. प्रत्यक्षात कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर ते महिनोन्‌महिने देता येते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून दुखणे पुन्हा उफाळण्याची वाट न पाहता दर चार तासांनी गोळी दिली जाते आणि वेदनेच्या मानाने मात्रा हळूहळू वाढवतात. अशा बेताने दिल्यास श्वास मंदावण्याचा धोका फार कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होते आणि औषधाची सवय झाली तरी ती जात नाही, त्यामुळे जाणता डॉक्टर त्याच चिठ्ठीवर रेचकही लिहितो. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने हे औषध मिळवणे फार जिकिरीचे करून ठेवले होते. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली.

धाप लागलेल्या माणसालाही मॉर्फिनची लहान मात्रा उपयोगी पडते, कारण तिने हवा कमी पडल्याची जाणीव सौम्य होते. चेहऱ्यावर सोडलेल्या छोट्या पंख्याच्या वाऱ्यानेही बरे वाटते.

अखेरच्या एकदोन दिवसांत शुद्ध हरपलेल्या रुग्णाला लाळ गिळता येत नाही आणि श्वासाबरोबर घरघर सुरू होते. ती ऐकणाऱ्याला असह्य वाटते, पण रुग्णाला बहुधा जाणवत नाही. नर्स त्याला कुशीवर वळवते आणि ग्लायकोपायरोलेट देते. मात्र हे औषध नवी लाळ रोखते, आधीची साठलेली काढत नाही, म्हणून ते वेळेत द्यावे लागते.

‘निदान सलाईन तरी लावा,’ हा आग्रह सर्वांत अवघड, कारण त्यामागे माया असते. पण मंदावलेल्या शरीराला जादा पाणी झेपत नाही. ते पायांत आणि फुप्फुसांत साठते. या अवस्थेत रुग्णाला त्रास देते ते मुख्यतः कोरडे पडलेले तोंड, आणि त्यावर ओल्या कापसाचा बोळा पुरतो. मरणाऱ्याच्या मुखात तुळशीपत्राने गंगाजलाचे दोन थेंब सोडण्याच्या आपल्या रिवाजातही पाण्याचे प्रमाण साधारण तेवढेच असते. वॉर्डात हा बोळा दर तासा-दोन तासांनी फिरवायचा असतो, आणि ते काम नर्स बरेचदा मुलाच्या किंवा सुनेच्या हाती देते.